नारोशंकराची घंटा आणि वसईचे पाणी

नाशिकला पंचवटीत, गोदावरीच्या काठी, नारोशंकराचे मंदिर आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते १७४७ साली बांधले. मंदिराच्या दर्शनी भागी टांगलेली भली मोठी घंटा मूळची आपल्या वसईची आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला घेतला, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधील घंटा विजयाची खूण म्हणून मराठी सरदारांनी ठिकठिकाणी नेल्या आणि देवालयांना अर्पण केल्या. त्यांपैकीच ही एक. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. नाशिककरांच्या लेखी या घंटेला आणखी एक मान आहे. गोदावरीचे पाणी चढत चढत या घंटेपर्यंत पोहोचले म्हणजे महापूर आला, असे जुनी माणसे सांगत आली आहेत.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला आमच्या धर्मग्रामातील भाविकांसह आम्ही गेलो होतो. परतताना सर्वांना ती घंटा दाखवावी म्हणून बस पंचवटीकडे वळवली. घंटेची कथा सांगून झाल्यावर आमच्यातील एक वृद्ध मावशी म्हणाल्या, “फादर, आपली घंटा इथल्या लोकांना पुराची खबर देते. मग आपल्याला ती कोण देतो?” बसमध्ये हशा पिकला. आम्हीही हसलो. परंतु तो प्रश्न वसईपर्यंत आमच्या सोबत आला आणि अजून गेलेला नाही.

गेली चाळीस वर्षे वसईत घरांवरून वाद चालला आहे. घरे बांधावीत की नाही, किती मजली बांधावीत, कोणाच्या परवानगीने बांधावीत, यांवर ग्रामसभा, नगरपरिषदा, महापालिका, मंत्रालय आणि न्यायालय या सर्व ठिकाणी पुष्कळ बोलले गेले. मात्र त्या घरांत पाणी शिरले किंवा त्या घरांतील मुले समुद्रात ओढली गेली, तर त्यांना बाहेर कोणी काढायचे, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच निघाला. घराचा परवाना एका दाराने आणि बचावाची दोरी दुसऱ्या दाराने, अशी विभागणी आपल्याकडे कशी झाली आणि तिची किंमत कोण मोजतो, याचा थोडा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

पाण्याने वेढलेला मुलूख

वसईचा नकाशा समोर ठेवला की पहिली गोष्ट ध्यानात येते ती पाण्याची. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर. डोंगरावर पडलेला पाऊस पश्चिमेकडे धावतो आणि भरतीचे पाणी खाड्यांतून आत येते. ही दोन पाणी जेथे भेटतात तो सखल पट्टा म्हणजे आजच्या रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांचा प्रदेश. पूर्वी वसई हे बेटच होते. मुख्य भूमीपासून तिला एक अरुंद खाडी वेगळी करीत असे. सोपारे हे प्राचीन काळी नावाजलेले बंदर होते. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले. जेथे एके काळी गलबते लागत, तेथे आज जहाज सोडाच, होडीही जात नाही. खाडी गाळाने भरली, तिची खाजणे झाली, काही खाजणांची मिठागरे झाली. पाण्याची वाट उथळ झाली, तरी ती मिटली नाही.

आपल्या पूर्वजांना हे पक्के ठाऊक होते. त्यांनी वस्ती केली ती उंचवट्यावर, समुद्राच्या बाजूच्या वालुकामय पट्ट्यात. वाडीत विहीर खणली आणि जागोजागी बावखले खणली. बावखल म्हणजे नुसते डबके नव्हे. पावसाळ्याचे चार महिने ते वाडीचे पाणी पोटात घेते, पुढे ते हळूहळू जमिनीत मुरवते, विहिरीचे पाणी गोड ठेवते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आत येऊ देत नाही. रहाट फिरत असे, केळी, पानवेली आणि फुलझाडे उभी राहत, ती या व्यवस्थेच्या बळावर. सखल खाजणात घर बांधण्याचा विचार कोणी करीत नसे. तेथे भात पिकवावे, मासे धरावेत, मीठ काढावे, एवढाच त्या जमिनीशी व्यवहार.

समुद्राचे भयही त्यांना नवे नव्हते. १६१८ च्या मे महिन्यात वसईवर भयंकर वादळ आल्याची नोंद आहे. चर्च व मठ यांची त्या वेळी मोठी हानी झाली. वसई शहराला तेव्हा पोर्तुगीजांची नगरसभा होती. पुढे इंग्रजी अमलात, १८६४ साली, वसईत नगरपालिका स्थापन झाली. म्हणजे नागरी कारभाराची परंपरा आपल्याकडे चांगलीच जुनी आहे. मात्र समुद्रात सापडलेल्या माणसाला काढण्याचे काम कोणत्याही कचेरीने अंगावर घेतले नाही. ते पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा येथील कोळी बांधवांनी केले आणि कोणी न सांगता केले. एखादी होडी वेळेवर परतली नाही तर उरलेल्या होड्या शोधाला निघत. या कामाला वेतन नव्हते, नोंदवही नव्हती आणि त्याची आभारपत्रेही कोठे सापडावयाची नाहीत.

घरे आली

१८६७ साली विरारहून मुंबईकडे लोकल गाडी सुरू झाली. तरीही पुढील शंभर वर्षे वसई ही मुंबईची वाडीच राहिली. आपली केळी, पाने, फुले आणि भाजी पहाटेच्या गाडीने शहरात जात. नंतर चित्र पालटले. मुंबईत जागेचे भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेक कामगार कुटुंबांना गिरणगाव सोडावे लागले. चार पैशांत डोक्यावर छप्पर मिळेल असे ठिकाण ती शोधू लागली आणि नालासोपारा, विरार, वसई रोड, नायगाव येथे इमारती उभ्या राहू लागल्या.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस शासनाने येथील हरित पट्टा बांधकामासाठी मोकळा करण्याचे धोरण स्वीकारले. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. आम्ही त्या वेळी सेमिनरीत शिकत होतो. सुट्टीत घरी आलो की ओटीवर दुसरा विषय नसे. बिनशेती परवाने, गावच्या विहिरींतून पाणी उपसून नव्या इमारतींकडे धावणारे टँकर, खारट होत चाललेल्या विहिरी, यांवर माणसे तावातावाने बोलत. मोर्चात डोक्यावर पदर घेतलेल्या आमच्या आया-मावश्या पुढे असत. त्या चळवळीने वसईचा जो हिरवा पट्टा वाचवला त्याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. फादर दिब्रिटो २०२४ च्या जुलै महिन्यात प्रभूघरी गेले. त्यांच्या अंत्यविधीस जमलेल्यांत, ज्यांची वाडी अजून शाबूत आहे असे पुष्कळ जण होते.

१९९० साली सिडको या संस्थेची या भागासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. विकास आराखडा, त्यावरील हरकती-सूचना, सुनावण्या, फेरबदल हे सारे होत होत अंतिम आराखड्याला शासनाची मंजुरी मिळाली ती २००७ साली. मधल्या सतरा वर्षांत बांधकाम थांबले नव्हते. आराखडा कागदावर तयार होत असताना गाव त्याच्याआधीच भरून गेले. ३ जुलै २००९ रोजी वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा व ५३ गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. गावांनी कडाडून विरोध केला. २०११ साली शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला आणि तो वाद न्यायालयात गेला. त्याच वर्षीच्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर भरली.

या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. शेतकरी म्हणतो, माझी विहीर आटली, माझी वाडी जाते. नालासोपाऱ्याच्या चौथ्या मजल्यावरची गृहिणी म्हणते, आम्ही परळहून येथे हौसेने आलो नाही. तिचे म्हणणेही खोटे नाही. नव्या वस्त्यांतील कित्येक कुटुंबे आज आपल्याच धर्मग्रामांत मिस्साला येतात, आपल्याच शाळांत त्यांची मुले शिकतात. परक्याला आसरा द्या, ही शिकवण आपण वेदीवरून देतो. तेव्हा त्यांना शत्रू ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. शिवाय वाड्या विकल्या कोणी, हेही आपण प्रामाणिकपणे विचारले पाहिजे. सह्या करणाऱ्यांत आपलीही नावे आहेत.

येथे आम्हाला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. धर्मगुरू झाल्यानंतर काही वर्षांनी एका नव्या इमारतीतील घरे आशीर्वादित करण्यासाठी आम्हाला बोलावणे आले. इमारत ज्या जागी उभी होती तेथे लहानपणी आम्ही एक मोठे बावखल पाहिले होते. त्याच्या काठी म्हशी बसत. आम्हाला ते स्पष्ट आठवत होते. आम्ही तळमजल्यापासून वरपर्यंत प्रत्येक दारावर पवित्र पाणी शिंपडले, सरबत घेतले आणि घरी आलो. येथे बावखल होते, पाणी येथे येणारच, एवढे वाक्य आमच्या तोंडून निघाले नाही. आनंदाच्या प्रसंगी कशाला बोलावे, असे वाटले. वाळूवर घर बांधणाऱ्या माणसाचा दाखला आम्ही कितीतरी वेळा प्रवचनात समजावून सांगितला असेल. त्या दिवशी मात्र तो आम्हाला आठवला नाही.

२०१८ चा जुलै

२०१८ च्या जुलै महिन्यात, ९ व १० तारखेच्या सुमारास, वसई-विरार पाण्याखाली गेले. नालासोपाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ बुडाले. गाडीत अडकलेल्या प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी होड्यांतून बाहेर काढले. मिठागरांच्या वस्तीत शेकडो माणसे अडकून पडली. अनेक भागांत वीज नव्हती, पिण्याचे पाणी नव्हते, फोन लागत नव्हते. ज्या इमारतीला आम्ही आशीर्वाद दिला होता तिच्या तळमजल्यावर कमरेएवढे पाणी होते. तेथील एका आजारी आजोबांना चार तरुणांनी खुर्चीत बसवून, खुर्ची खांद्यावर घेऊन जिन्यावर नेले. त्या चौघांपैकी दोघे वाडीतले होते आणि दोघे त्याच इमारतीतले. एरवी टँकरवरून एकमेकांशी न बोलणारी ही मुले.

त्या पुरानंतर महापालिकेने नीरी आणि आय.आय.टी. मुंबई या संस्थांतील तज्ज्ञांची समिती नेमली. नाले मोकळे करा, खाडीकडे जाणाऱ्या वाटा रुंद करा आणि पावसाचे पाणी काही काळ साठवून धरणारे धारण तलाव निर्माण करा, अशा स्वरूपाचा सल्ला पुढे आला. धारण तलाव हा शब्द आम्ही वर्तमानपत्रात वाचला, तेव्हा आम्हाला आमच्या आजोबांचे बावखल आठवले. जे फुकट मिळाले होते ते आपण भरून टाकले आणि आता तेच खर्च करून खणावयाचे आहे.

किनाऱ्यावरचा रविवार

पुराचे पाणी वर्षातून एकदा येते, समुद्र रोजच समोर असतो. शहर वाढले तसा राजोडी, कळंब, भुईगाव, अर्नाळा येथील किनाऱ्यांवर सुट्टीची गर्दी वाढली. लहानशा खोलीत सहा दिवस काढलेल्या माणसाला रविवारी मोकळे आकाश हवे असते. त्यात त्याचा दोष नाही. पण त्याला भरती-ओहोटीचे वेळापत्रक ठाऊक नसते. शांत दिसणारे पाणी पायाखालची वाळू कशी ओढून नेते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. वाळूच्या उपशाने किनारे खचले आहेत, सुरूची झाडे मुळांसकट आडवी झाली आहेत आणि जागोजागी धूपप्रतिबंधक बंधारे घालावे लागले आहेत. परिचयाचा किनाराही दरवर्षी बदलतो.

समुद्रकाठच्या एका धर्मग्रामात आम्ही नवे धर्मगुरू म्हणून होतो, तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ होती. चार मुले पाण्यात उतरली होती, तिघे ओढले गेले. ओरडा ऐकून जाळी विणत बसलेले दोन कोळी बांधव होडी लोटून गेले. त्यांनी दोघांना बाहेर काढले. तिसरा दुसऱ्या दिवशी पहाटे सापडला. त्या मुलाचे वडील त्या कोळी बांधवांच्या हातात पैसे ठेवू लागले, तेव्हा त्यातला वयस्क नाखवा म्हणाला, “दोन आणली त्याचे घेत नाही, तर एक राहिला त्याचे कसे घेऊ?” पुढे जबाब देण्यासाठी त्या दोघांना तीन वेळा हेलपाटे घालावे लागले. तीन दिवसांची मासेमारी बुडाली. त्या दिवसांची भरपाई कोणत्या खात्यातून द्यावयाची, याची चौकशी आम्ही एका कार्यालयात केली. तेथील अधिकारी सज्जन होते. त्यांनी बराच वेळ कागद चाळले आणि म्हणाले, “फादर, असे खातेच नाही.”

ते वाक्य आम्ही विसरलो नाही. कारण त्यात कोणाची बेपर्वाई नव्हती. खरोखरच तसे खाते नव्हते.

अठरा विषय

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान मिळाले. तिच्यासोबत घटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. नगरपरिषदा व महापालिका यांच्याकडे सोपवता येतील असे अठरा विषय तीत आहेत. नगररचना आहे, जमिनीच्या वापराचे व इमारतींच्या बांधकामाचे नियमन आहे, पाणीपुरवठा आहे. अग्निशमन सेवा आहे. दफनभूमी व स्मशानभूमी आहेत. गुरांचे कोंडवाडेही आहेत. बुडणाऱ्याला वाचवणे हा विषय मात्र त्यांत वेगळा लिहिलेला नाही. आगीतून माणूस काढण्यासाठी गाडी आहे, मेलेल्याला पुरण्यासाठी जागा आहे. या दोहोंच्या मध्ये पाण्यात हात वर करून उभा असलेला माणूस आहे, त्याच्यासाठी ओळ नाही.

समुद्राचा कारभार वाटला गेला आहे. बंदरांचा कारभार १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. खोल समुद्रातील शोध व बचाव तटरक्षक दलाकडे, किनाऱ्याचा पहारा सागरी पोलिसांकडे, आपत्तीचे नियोजन जिल्हाधिकाऱ्यांकडे. यांपैकी कोणीही आपल्या कामात कमी पडतो असे आम्हाला म्हणावयाचे नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात पी-३०५ नावाचा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना जिवंत आणले. सत्तरहून अधिक माणसे गेली. ते शौर्य अभिमानास्पदच आहे. परंतु किनाऱ्यापासून शंभर पावलांवर बुडणाऱ्या मुलाजवळ युद्धनौका पोहोचू शकत नाही. त्याला हवा असतो पोहता येणारा, शिकवून तयार केलेला, दोरी व तरंगती कडी घेतलेला माणूस, आणि तोही पाच मिनिटांच्या आत. गोव्यात २००८ सालापासून शासनाने किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षकांची व्यवस्था उभी केली आहे. म्हणजे हे अशक्य कोटीतील काम नव्हे.

कायद्यात वाट अगदीच नाही असेही नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात स्थानिक संस्थांची कर्तव्ये सांगितली आहेत. आपल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, साधने सज्ज ठेवावीत आणि आपल्या हद्दीतील बांधकामे आपत्ती टाळण्याच्या निकषांप्रमाणे होतात याची खात्री करावी, अशी ती आहेत. घर आणि बचाव या दोन गोष्टी तेथे एकाच कलमात शेजारी बसल्या आहेत. सभागृहातील चर्चेत मात्र त्या अजून शेजारी बसलेल्या नाहीत. इमारतीचा प्रस्ताव येतो तेव्हा रस्ता किती रुंद, पाणी किती, वाहने कोठे, हे विचारले जाते. पाणी चढले तर येथील माणसे कोणत्या वाटेने निघतील, होडी कोठे ठेवली आहे, ती चालवणार कोण, हेही त्याच वेळी विचारले गेले पाहिजे. आणि तसे विचारणारा नागरिक समोर बसलेला असला पाहिजे.

येथे आपला, म्हणजे धर्मग्रामाचा, संबंध येतो. हरकती-सूचनांची मुदत जाहीर होते तेव्हा आपण आपल्या वाडीच्या सात-बाऱ्यापुरते जागे होतो. आपला सर्व्हे नंबर सुटला की आपण झोपतो. यापुढे प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या हद्दीतील उरलेली बावखले, नाले आणि सखल जागा यांची यादी करावी, जाणत्या वृद्धांकडून ती तपासून घ्यावी आणि हरकतींच्या वेळी सादर करावी. समुद्रकाठच्या धर्मग्रामांनी कोळी तरुणांच्या प्रशिक्षणाची आणि मानधनाची मागणी आपली मागणी म्हणून लावून धरावी. जो दोरी टाकतो त्याचा दिवस बुडू नये, एवढा न्याय तरी झाला पाहिजे. नव्या इमारतीतील कुटुंबांना या कामात प्रथम बोलवावे. पाणी आधी त्यांच्याच दारात येणार आहे.

आम्ही आमच्या धर्मग्रामात ही यादी करायला घेतली. पहिल्या रविवारी मिस्सानंतर नऊ माणसे थांबली. नाशिकच्या बसमधील त्या मावशी त्यांत होत्या. सत्तर वर्षांपूर्वीची बावखले त्या बोटांवर मोजून सांगत होत्या आणि नालासोपाऱ्याहून आलेला एक तरुण ती वहीत उतरवून घेत होता. एकोणीस झाली. त्यांपैकी सात आज पाण्याने भरलेली आहेत. उरलेल्या बारांवर काय उभे आहे, तेही त्याने समोर लिहिले. तिसऱ्या क्रमांकावर आम्ही आशीर्वाद दिलेली इमारत आहे.